बर्फातलं मीठ

सारसोळ्याच्या सखूला बर्फाबद्दल काही शिकवायला गेलात, तर शिव्या खाऊनच परत याल. उभा जन्म मासळी विकण्यात गेलेला. लादी किती टिकेल, कोळंबीला भुगा किती लागतो, जिताड्याला खडे किती, हे तिच्या बोटांनाच कळायचं. मासळी दुसऱ्या दिवसावर राहिली की ती थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर मूठभर खडेमीठ पसरायची. मीठ पडलं की गारठा दुप्पट होतो आणि मासळी दगडासारखी कडक राहते. हे तिला सासूने शिकवलं होतं, आणि सासूला ‘असं का’ म्हणून विचारायची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

तसा सखूचा हात मिठाच्या बाबतीत सढळच. तिचं कालवण तोंडात घातलं की लेक पुतळा तोंड वाकडं करायची.

“आये, अख्खी खाडीच टोपात ओतलीस काय गो?”

“खायचं तर खा. नायतर जा दिघ्याला, सासूच्या हातचं अळनी खायाला.”

पुतळा खायची, वर आणखी वाढून घ्यायची. लग्न होऊन दिघ्याला गेली, नवरा धर्मराज तिथल्याच कंपनीत लागला, दोन पोरं झाली, तरी माहेरी आली की हे भांडण व्हायचंच.

सखू बसायची गावाला लागूनच, नेरूळच्या सेक्टर सहाच्या नाक्यावर. जिथे एकेकाळी त्यांची भातशेती होती, तिथे आता सोसायट्या उभ्या होत्या, आणि त्या सोसायट्यांतल्या बायका तिची गिऱ्हाइकं. मासळी शिळी असली तरी ती विकायची. त्याला तिचा एक खास आवाज होता. एरवी ती फटकळ, पण “ताजी हाय गो बाय, आताच होडीतनं उतरली” हे सांगताना आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा, बोलणं जरा घाईचं व्हायचं, आणि डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर न राहता पाटीतल्या मासळीवर जायचे. लहानपणी पुतळा पाटीशेजारी बसायची. तो आवाज आला की पोरगी फ्रॉकमध्ये तोंड खुपसून खिदळायची, आणि गिऱ्हाईक गेल्यावर सखू तिच्या पाठीत धपाटा घालायची. “पोट भरायचं तर असं बोलावं लागतं, रांडे. हसू नको.”

त्या वर्षी होळीनंतर पुतळाचं अंगावरून जाणं थांबेना. पोरीने महिनोन्महिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. बायकांचं असतंच, होईल बरं, म्हणत राहिली. पाण्याचा हंडा उचलताना चक्कर येऊन पडली तेव्हा बिंग फुटलं. धर्मराजने तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर, ऑपरेशनची वेळ टळून गेलेली, आता किरणांचा उपचार. त्या उपचाराला तिथले पेशंट ‘शेक’ म्हणायचे. पोरं सासूकडे ठेवून पुतळा माहेरी आली, कारण धर्मराजला कंपनीतली पाळी सोडता येत नव्हती आणि आजारी माणसाचं करायला आईसारखं दुसरं कोण असतं?

रोज पहाटे गावातल्या सितारामचा मासळीचा टेम्पो भाऊच्या धक्क्याला जायचा. पुढच्या सीटवर मायलेकी बसायच्या. तो त्यांना परळला सोडायचा आणि परतताना घेऊन यायचा. पुतळाला मासळीचा वास सोसेनासा झाला होता. कोळ्याच्या पोरीवर अशी वेळ यावी, याचंच सखूला जास्त वाईट वाटायचं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई ऋता फार मायाळू. त्यांनी पहिल्याच दिवशी सखूला समोर बसवून सांगितलं होतं, “मावशी, पुतळाच्या अंगात रक्त फार कमी आहे. रक्त कमी असलं की गाठीपर्यंत प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायू नसला की शेक गाठीला हवा तसा लागत नाही.”

“म्हनजे फुंकर नसली की चुलीत लाकूड नुसतं धुमसतं, तसंच ना?”

“अगदी तसंच.”

मग रक्ताची बाटली लावली. अर्धीही गेली नसेल, तर पुतळाला अशी हुडहुडी भरली की खाट हलायला लागली, अंगभर गांध्या उठल्या. दुसरी लावली तेव्हाही तेच. तिच्या रक्तात काहीतरी असं होतं की परक्याचं रक्त तिला मानवेना. डॉक्टरीणबाईंनी मग नवाच मार्ग काढला. माणसाच्या मूत्रपिंडात एक हार्मोन तयार होतं, ते हाडांना निरोप देतं की रक्त बनवा. तेच आता इंजेक्शनात मिळतं, परदेशातून येतं. त्यांनी एका ट्रस्टच्या मागे लागून एक खोका मिळवला. एकच.

“बाहेरचं रक्त नको, पुतळाचं स्वतःचंच रक्त वाढवूया,” त्या म्हणाल्या. “दिवसाआड एक कुपी घेऊन या, इथल्या नर्सबाई सुई देतील. पण मावशी, हे जिवापाड सांभाळायचं. थंड ठेवायचं. गरम झालं की मेलं समजा.”

“थंड ना?” सखूच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. “ताय, ते माझ्यावर सोडा.”

सखूकडे फ्रीज नव्हता. तिची नेहमीची गिऱ्हाईक सुचित्रावहिनी, सेक्टर सहातल्याच सोसायटीत राहणारी, बँकेत नोकरीला. तिने आपणहून खोका ठेवून घेतला. वरच्या कप्प्यात दुधाच्या पातेल्याशेजारी. सखू आदल्या संध्याकाळी जाऊन एक कुपी आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची, पहाटे निघायची.

आणि काय सांगू, रक्त चढायला लागलं! तपासणीत आकडा वर सरकला. पुतळाच्या ओठांना रंग आला. टेम्पोत ती सितारामची फिरकी घ्यायला लागली. नारळी पुनवेला तर आईच्या हातची नारळाची वडी मागून खाल्ली, आणि म्हणाली, “नशीब, यात तरी मीठ नाय टाकलंस.” सखू एकवीरेला मनातल्या मनात नवस बोलली. खाडीकडे तोंड करून हात जोडले.

मग गणपती आले. सुचित्रावहिनीचा गाव राजापूरकडे. घर बंद करून सगळे निघाले.

“सखूबाई, मी फ्रीज बंद करून चाललेय. अनंत चतुर्दशी करूनच येईन. तुमचा खोका समोरच्या दिनानाथकाकांकडे ठेवू का? मी बोलते त्यांच्याशी.”

दिनानाथकाका म्हणजे पक्के शाकाहारी. जिन्यात सखूची पाटी दिसली की नाकाला रुमाल लावणारे. सखूचा पारा चढला.

“नको. त्यांच्या दारात उभी राहून मी थंडाव्याची भीक मागू? बर्फाच्या गोष्टीला? ह्या हातांनी मी जन्मभर काय केलं?”

“तसं नाही हो, औषध आहे म्हणून म्हटलं.”

“द्या हिकडं. तुमच्या फिरीजपेक्षा थंड ठेवीन. त्यात लाईट गेली की बोंबच की.”

लाईट तेव्हा वरचेवर जायची हे खरं होतं, म्हणून सुचित्रावहिनीनेही फार ताणलं नाही. खोका देऊन टाकला.

सखूने त्या दिवशी नाक्यावर पाटी लावली नाही. तुर्भ्याहून ताज्या लादीचा बर्फ मागवला. नवा कोरा थर्माकोलचा खोका काढला, मासळीचा वास लागू नये म्हणून. खाली बर्फ, मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत त्या कुप्या, वर पुन्हा बर्फ. आणि मग, लेकीचं औषध होतं म्हणून, तिने मूठभर नाही, ओंजळभर खडेमीठ पसरलं. झाकण लावून वर गोधडी टाकली. पुतळा खाटेवरून बघत होती.

“आये, एवढी काळजी जिताड्याची पन कधी घेतली नाय तू.”

“जिताडा माझ्या पोटचा हाय काय?”

पहाटे कुपी काढली तेव्हा आतलं औषध गोठून पांढरं झालं होतं. सखूला इतकं समाधान वाटलं! कडक म्हणजे ताजं, हे तिला जन्मभर ठाऊक. गार सुई लेकीला टोचू नये म्हणून तिने ती कुपी टेम्पोत सगळा वेळ मुठीत धरली, पदराखाली, पोटाशी. परळ येईपर्यंत औषध वितळून पाण्यासारखं स्वच्छ झालं. नर्सबाईंना काय दिसणार? त्यांनी सुई भरली आणि दिली.

असंच दिवसाआड चाललं. बर्फ बदलायचा, मीठ टाकायचं, मूठ आवळून परळ गाठायचं.

रक्त चढायचं थांबलं. मग उतरायला लागलं. पुतळाचे ओठ पुन्हा फिके पडले. शेक चालूच होता, पण ती धुमसणारी चूलच सखूच्या मनात येत राहिली. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करून बघायच्या, कपाळाला हात लावायच्या.

“मावशी, औषध थंड ठेवता ना?”

“थंड म्हनजे? बर्फात ठेवते, ताय. एक घटका उघडं ठेवलं नाय.”

डॉक्टरीणबाईंना वाटलं, फ्रीजच्या बर्फाशेजारी ठेवत असेल. दमलेल्या होत्या. बाहेर पेशंटची रांग लागलेली. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सखूलाही वाटलं, आपण लेकीसाठी जेवढं करायचं तेवढं करतोय, बाकी एकवीरा बघेल.

विसर्जन झालं आणि सुचित्रावहिनी परत आली. उरलेल्या कुप्या पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायला सखू मोठ्या ऐटीत गेली. तिच्या ओट्यावर पिशवी ठेवली. वहिनीने उघडली, एक कुपी उचलली, उजेडात धरली आणि तिचा चेहराच बदलला.

“सखूबाई, हे गोठलंय.”

“मग? गोठनारच. मीठ घातलंय बर्फात. दगड हाय दगड.”

वहिनीने पिशवीतलाच औषधाचा खोका हातात घेतला. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. तिने ती मनात वाचली, पुन्हा वाचली. वाचून झाल्यावर तिला वर बघवेना.

“काय लिवलंय?”

“काही नाही हो.”

“वयनी, मला वाचता येत नाय म्हनून फसवू नका. काय लिवलंय?”

“लिहिलंय की… गोठवू नका. गोठलेलं वापरू नका.”

सखू ओट्याला धरून उभी राहिली. मग हळूच खाली बसली, फरशीवर. वहिनीने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. बाजूच्या खोलीत वहिनीचा मुलगा टीव्ही लावून बसला होता, कसल्यातरी मॅचचा आरडाओरडा येत होता.

“गरम झालं तर मेलं, एवढंच सांगितलं गो तिनं,” सखू म्हणाली. “थंडीनं मरतं, ते कोनी सांगितलं नाय.” आणि मग ती जी रडायला लागली, ती पदर तोंडात कोंबून, टीव्ही बघणाऱ्या पोराला ऐकू जाऊ नये म्हणून.

घरी येऊन तिने पुतळाला काहीच सांगितलं नाही. शेकाचे शेवटचे दिवस चालले होते. दुसऱ्या दिवशी परळला तिने लेकीला बाकावर बसवलं आणि एकटी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बर्फ, मीठ, वहिनी, दिनानाथकाका, गोठून पांढरं झालेलं औषध.

“ताय, मी मारलं माझ्या लेकीचं औषध. आता दुसरं आना. कायतरी करा. मी पाया पडते.”

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. फ्रीजमध्ये ठेवा, असं आपण बोललो होतो का नुसतं थंड, हे त्या आठवत असाव्यात. घरी फ्रीज आहे का, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग त्या उठल्या, सखूच्या खांद्यावर हात ठेवला.

“मावशी, असं काही नसतं हो. खोक्यावर लिहितात आपलं. थोडं गोठलं तरी औषध चांगलंच राहतं. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. शेक छान झालाय. पुतळा बरी होईल.”

आवाज लोण्यासारखा मऊ होता. बोलणं जरा घाईचं. आणि डोळे सखूच्या तोंडावर नव्हते, टेबलावरच्या कागदांवर होते.

सखूने तो आवाज बरोबर ओळखला. जन्मभर तिने दुसरं काय विकलं होतं? तिला डॉक्टरीणबाईंचा राग आला नाही. उलट त्या पोरीची दया आली.

“बरं ताय,” ती म्हणाली. “तुमी म्हनता तर तसंच.”

ते औषध नीट राहिलं असतं तर पुतळा वाचली असती का? छातीठोकपणे कोणीच सांगणार नाही. आजार आधीच फार पुढे गेला होता, मोठ्या मोठ्या डॉक्टरांचीही त्या औषधावर एकवाक्यता नव्हती. पण हे आईला कोण पटवणार? सखूचा हिशेब सरळ होता. रक्त चढत होतं, तिने मीठ टाकलं, रक्त उतरलं.

दिवाळीनंतर गाठ पुन्हा वाढल्याचं कळलं. यावेळी डॉक्टरीणबाईंनी शेकाचं नाव काढलं नाही, दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि घरीच ठेवा म्हणाल्या. धर्मराज पोरांना घेऊन आला, रडला, पाळी होती म्हणून परत गेला. पुतळा खाटेवर नुसती हाडं उरली. खिडकीतून खाडी दिसायची, आणि तिवरांच्या पलीकडे नव्या रस्त्याचं भरावाचं काम.

सखू आता कालवणात मीठच घालेनाशी झाली. मिठाची बरणी तिने फळीवर मागे सारून ठेवली होती. एका दुपारी तिने मांदेल्यांचं पातळ कालवण भातात कालवून लेकीला भरवलं. पुतळाने दोन घास खाल्ले आणि मान फिरवली.

“आये, हे काय गो? सासूचं जेवन आनलंस काय?”

“आजारी मानसानं अळनी खायचं.”

“मी बरी होनार हाय?”

“होशील तर,” सखू म्हणाली. “बघ तू, शिमग्याला नाचशील पोरांसंगं. अगदी पयल्यासारखी होशील बाय माझी.” आणि बोलता बोलता ती ताटलीतल्या भाताकडे बघत राहिली.

पुतळाने हात उचलला, तिच्यात तेवढी ताकद कुठली होती, पण उचलला, आणि आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“आये, मलाच कालची मासळी विकतेस?”

सखूचा बांध फुटला. ताटली बाजूला सरकवून तिने लेकीच्या पोटाशी डोकं टेकलं आणि सगळं ओकून टाकलं. मी मीठ घातलं गो. ओंजळ भरून घातलं. तुझं रक्त मी गोठवलं. दिनानाथकाकाच्या दारात गेले असते तर माझं काय झिजलं असतं? माझ्या बर्फाचा माज नडला तुला.

पुतळा ऐकत होती. आईच्या पांढऱ्या केसांवरून तिची बोटं फिरत होती. बोलायला तिला दम लागत होता, तरी ती हसली, तशीच, फ्रॉकमध्ये तोंड खुपसून हसायची तशी.

“तुझ्या हातनं मीठ जास्तीच पडतं, आये. लहानपनापासून सांगते.” मग म्हणाली, “जा. थोडं घालून आन त्या कालवनात. असलं नाय खाववत मला.”

सखू उठली. बरणीतलं मीठ तिने चिमटीत घेतलं. कालवणात घालून तिने घास भरवला. पुतळाने तो सगळा खाल्ला. पौष सरायच्या आत ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावरही सखू कितीतरी आठवडे नाक्यावर फिरकली नाही. मग एक दिवस पाटी घेऊन बसली, पोट कोणाला चुकलंय? मासळी कमीच होती, थोडे बोंबील, थोडी कोळंबी. सुचित्रावहिनी संध्याकाळी बँकेतून परतताना थांबली. सांत्वनाचं बोलून झालं होतं. शेवटी नेहमीचं तेच विचारलं.

“सखूबाई, कोळंबी ताजी आहे ना?”

सखूने पाटीतल्या कोळंबीकडे बघितलं. मग मान वर केली आणि सरळ वहिनीच्या डोळ्यांत बघितलं.

“नाय गो वयनी,” ती म्हणाली. “कालची हाय.”